सुपरमॅनची जुळी पोरं आणि तुमचा रिपोर्ट

आनुवंशिकतेवर या सदरात लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, प्रश्न येतील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे. आले सुपरमॅनचे. ‘सुपरमॅन अँड लोइस’ ही अमेरिकन मालिका २०२१ ते २०२४ अशी चार सीझन चालली. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनी ती मोबाईलवर पाहून संपवलेली दिसते. क्लार्क केंट म्हणजे सुपरमॅन, त्याची बायको लोइस पत्रकार, आणि त्यांना जोनाथन व जॉर्डन ही जुळी मुलं. बापाची शक्ती कोणाला जाणार यावर वसतिगृहांत पैजा लागतात म्हणे. गंमत अशी की कित्येक पत्रांत वरचा अर्धा कागद सुपरमॅनचा असतो आणि खालचा अर्धा घरचा. म्हणून या वेळी दोन्ही एकत्रच घेते. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवते.

बाप एक, आई एक, जन्मही एकाच दिवशीचा. तरी जॉर्डनला शक्ती आली आणि जोनाथनला नाही, हे कसं? आमच्या रूमवर दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक म्हणते शक्तीचं जनुक प्रभावी आहे, दुसरी म्हणते अप्रभावी. (बीएस्सीचा विद्यार्थी, ब्रह्मपुरी)

दोन्ही पार्ट्यांनी चहाचे पैसे अर्धे-अर्धे भरावेत. मुळात परग्रहावरचा पुरुष आणि पृथ्वीवरची बाई यांना मूलच होणार नाही. एवढ्या लांबच्या दोन जातींत ते जमत नाही. पण मालिकेला दोन पोरं हवी होती, तेव्हा तेवढं सोडून देऊ.

आता वहीत मांडून पाहा. क्रिप्टॉन या सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरचा जो कोणी पिवळ्या सूर्याखाली येतो त्याला शक्ती येते. म्हणजे तिथल्या प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत असं धरावं लागेल. क्लार्कच्या दोन्ही प्रती शक्तीच्या, लोइसच्या दोन्ही साध्या. दोन्ही मुलांना बापाकडून एक आणि आईकडून एक. जनुक प्रभावी असेल तर दोघांनाही शक्ती यायला हवी; अप्रभावी असेल तर दोघांनाही नको. एकाला हो आणि एकाला नाही हे एका जनुकाच्या हिशेबात बसतच नाही. मग उरतात दोन वाटा. शक्ती पुष्कळ जनुकांची मिळून बनते, किंवा जनुक दोघांतही आहे पण एकात लवकर दिसलं आणि दुसऱ्यात उशिरा. चौथ्या सीझनमध्ये जोनाथनलाही शक्ती आली, म्हणजे लेखकांनी दुसरी वाट धरली.

तुम्ही जन्माचा दिवस एक म्हणता, पण जुळे दोन प्रकारचे असतात. एकाच बीजाचे दोन भाग झाले तर मुलं अगदी सारखी. दोन वेगळी बीजं एकाच वेळी रुजली तर ती साध्या भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी. केंटांची पोरं दुसऱ्या प्रकारातली दिसतात.

मालिकेतली एक गोष्ट मला पटली. पहिल्या भागात जोनाथन फुटबॉलचा खेळाडू, धडधाकट, हसरा. जॉर्डन चार माणसांत गेला की घाबरणारा. बघणारे साहजिकच जोनाथनवर पैज लावतात, आणि शक्ती निघते जॉर्डनमध्ये. अंगकाठी पाहून रक्त ओळखणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. त्यांच्याकडे येतेच.

शक्ती थोरल्याला मिळते की धाकट्याला? (चामोर्शी)

जन्माच्या क्रमाशी संबंध नाही. शक्तीचाही नाही, आजाराचाही नाही.

तिसऱ्या सीझनपासून जोनाथनचा चेहरा पूर्ण बदलला. वयात येताना दुसऱ्या घराण्याचे गुण वर येतात, तसं काही आहे का? (वरुड)

नट बदलला.

आमच्या वेळचा शक्तिमान बरा होता. त्याला शक्ती वारशाने नव्हती मिळाली, साधनेने मिळाली होती. अशी कमावलेली शक्ती मुलांना जाते का? (निवृत्त शिक्षक, आर्वी)

नाही, गुरुजी. आखाड्यात कमावलेले दंड, पाठ केलेले पाढे, साधनेनं जागी केलेली चक्रं, यातलं काहीच बीजात उतरत नाही. पहिलवानाच्या पोरालाही पहिल्या दिवसापासून जोर काढावेच लागतात.

बाप पटावर नंबर काढणारा म्हणून वासराचे ज्यादा पैसे मोजले. वासरू काही धावत नाही जी. सुपरमॅनच्या दुसऱ्या पोराचं असंच झालं का? (शेतकरी, लाखनी)

भाऊ, शंकरपटाच्या बैलाचं उदाहरण तुम्ही नेमकं दिलंत, मी त्यात भर घालत नाही. धावण्याला पुष्कळ जनुकं लागतात आणि बापाकडून त्यातली अर्धीच येतात. कोणती अर्धी, ते कोणी सांगू शकत नाही. वर चारापाणी आणि सराव. पण वासरू मुळीच धावत नसेल, एखाद्या पायावर भार टाळत असेल, तर मला लिहीत बसू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

मुलाच्या शाळेत काही लोक लॅपटॉप घेऊन आले होते. दहाही बोटांचे ठसे घेतले आणि मोठी रंगीत फाईल दिली. मुलाला आईवडिलांकडून कोणती बुद्धी आली, तो डॉक्टर होईल की खेळाडू, सगळं टक्केवारीत लिहिलंय. पैसेही बरेच घेतले. विश्वास ठेवावा का? (एक आई, हिंगणघाट)

ठेवू नका. याला डीएमआयटी म्हणतात. बोटांच्या रेषा गर्भातच बनतात एवढं खरं आहे, आणि त्या एका खऱ्याच्या आडोशाला बाकीचा सगळा माल विकला जातो. रेषांवरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर ठरवता येतं याला शास्त्रीय आधार नाही. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही हेच सांगितलं आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तुमच्यासारख्याच एका बाईंनी मला अशी फाईल आणून दाखवली होती. गुळगुळीत कागद, पानोपानी गोल तक्ते, मुलाच्या नावाखाली मोराचं चित्र. मी विचारलं, लेकराचं सिकलचं कार्ड आहे का? नव्हतं. एका बोटाला टोचून सरकारी दवाखान्यात फुकट होणारी तपासणी राहून गेली होती आणि दहा बोटांना शाई लावून पैसे गेले होते. मुलाला अभ्यासात खरीच अडचण असेल तर आधी डोळे आणि कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटा. शाळेला लेखी विचारा की या लोकांना आत कोणी येऊ दिलं.

मुलाचं साक्षगंध झालं. पोरगी आमच्याच समाजातली, गुण चांगले जुळले. नंतर आशाताईंनी विचारलं तेव्हा कळलं, दोघांची सिकलची चाचणी पॉझिटिव्ह आहे. पण दोघंही धडधाकट, कधी आजारी नाहीत. मुलाचा मामा म्हणतो, चार पोरांपैकी एकालाच होते, आपण दोनच होऊ द्यायची. बरोबर आहे का? लग्न तेंदूपत्त्याचा हंगाम झाल्यावर आहे. (एक वडील, सिंदेवाही)

दादा, तुमचं पत्र या सदराचं निम्मं दुखणं आहे, म्हणून जरा लांब लिहिते. ते घरात मोठ्यानं वाचा आणि मामांना समोर बसवा.

आधी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय ते बघू. गावात जी पहिली चाचणी होते ती विद्राव्यतेची, म्हणजे सोल्युबिलिटी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. बस, एवढंच. ते एका प्रतीत आहे की दोन्ही प्रतींत, म्हणजे माणूस एएस पॅटर्नचा वाहक आहे की एसएस पॅटर्नचा रुग्ण, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी करावी लागते. तुमच्या पत्रात दोघांच्याही पॅटर्नचा उल्लेख नाही. धडधाकट आहेत म्हणजे बहुधा एएस असतील, पण ‘बहुधा’वर लग्न ठरवायचं नसतं. आपल्या भागातले काही एसएस रुग्णसुद्धा मोठे होईपर्यंत फारसा त्रास न होता राहतात, कारण त्यांच्या रक्तात बाळपणीचं, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त शिल्लक असतं. एकाच घरात एक एसएस लेकरू महिन्याला दवाखान्यात आणि दुसरं शाळेत कबड्डी खेळतंय, असंही असतं. तेव्हा अंगकाठी पाहू नका. जोनाथनच्या नादानं तेच झालं होतं.

आता मामांचा हिशेब. आई एएस, वडील एएस असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक शक्यता एसएसची, चारात दोन एएसची आणि चारात एक पूर्ण निकोप. प्रत्येक गर्भाच्या वेळी, दादा. गर्भाला आधीच्या भावंडांचा हिशेब माहीत नसतो. पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, आणि पहिली तीन निकोप झाली म्हणून चौथं एसएस होणारच असंही नसतं. दोनच मुलं होऊ दिली तर दोन्ही एसएस होऊ शकतात. माझ्याकडे तशी घरं आहेत. मामांसारखा हिशेब मांडून दुसरं मूल होऊ देणारे आईबाप समोर बसतात तेव्हा मला बोलायला शब्द सुचत नाहीत.

हा दोष किती लहान आहे ते सांगते. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. प्राणवायू कमी झाला की असं हिमोग्लोबिन आत कांडीसारखं जुळतं आणि गोल पेशी वाकडी होते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं आणि वर पातळ काच ठेवायची. थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एकेक पेशी टोकं काढायला लागते. हे वाकडे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लेकरू रात्रभर हाडं दुखतात म्हणून ओरडतं ते यामुळे. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी असं रक्त पहिल्यांदा नोंदवलं, भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये ते आढळलं, आणि आज विदर्भात ते कोणा एका समाजाचं राहिलेलं नाही. गोंड, माडिया, परधान, कोरकू यांच्यात आहे, महारांमध्ये आहे, कुणब्यांत आणि तेल्यांतही आहे. ‘आमच्यात नसते’ हे वाक्य मी सगळ्यांकडून ऐकलंय.

मग करायचं काय? दोघांची एचपीएलसी करून घ्या. गेल्या तीन महिन्यांत कोणाला रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. दोघंही एएस निघाले तर लग्न मोडा असं मी सांगणार नाही. तो दोघांचा निर्णय आहे आणि तो माहिती घेऊन घ्यायचा आहे. समुपदेशकाकडे दोघांना एकत्र पाठवा, मामांना नको. लग्न केलंच तर दिवस राहिल्याबरोबर काय करायचं ते खाली एका उत्तरात आहे. आणि हंगाम संपायची वाट पाहू नका. पानं तोडून होतील, पुडे बांधून होतील, मग पत्रिका छापलेल्या असतील, मग रोवणी येईल. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं ठरलं आहे. तपासणी फुकट आहे, आशाताई दारात येतात, आणि आपण विचारतो साक्षगंधानंतर. गुणांच्या आधी पॅटर्न जुळवा.

आणखी एक. मुलगी एएस आणि मुलगा पूर्ण निकोप, म्हणजे एए, असेल तर त्यांच्या मुलांना हा आजार होण्याचा धोका नसतो; फार तर काही मुलं वाहक होतील. तरी अशा मुलींची स्थळं परत जातात, आणि मग पुढच्या वेळी घरचे कार्ड लपवतात. कार्ड लपवायला आपणच शिकवतो. फक्त समोरच्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आहे एवढ्यावर मात्र थांबू नका. तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, ते नळीत दिसत नाही, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होतं. एचपीएलसीच करा.

आमच्या नातवाला एसएस निघाला. आमच्या घराण्यात कोणालाच नाही, म्हणजे सुनेकडूनच आला ना? (पवनी)

नाही. एसएस म्हणजे एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. तुमच्या मुलाची तपासणी केली आहे का? ती करा, मग तुमची दोघांची करा. तोवर सुनेला एक शब्द बोलू नका.

जोनाथनला शक्ती चौथ्या सीझनमध्ये आली. तसा माझा एएस पुढे वयानुसार एसएस होईल का? मला झोप लागत नाही. (अकरावीची विद्यार्थिनी, मूल)

होणार नाही, बेटा. जे घेऊन जन्मलीस तेच आयुष्यभर राहतं. एएस म्हणजे तू वाहक आहेस, आजारी नाहीस. खेळ, शीक, पाणी भरपूर पी.

‘उशिरा’ हा प्रकार फक्त तान्ह्या बाळांत असतो. जन्मताना रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. ते पहिल्या सहा महिन्यांत हळूहळू कमी होतं आणि मगच एसएस बाळात त्रास दिसू लागतो. हातापायांचे पंजे सुजतात, बाळ पांढरं पडतं. एवढ्या लहानपणी नळीची चाचणी निगेटिव्ह आली तर त्यावर विसंबू नये, हे आयांनीही वाचावं. तुझा रिपोर्ट एचपीएलसीचा आहे का ते बघ. नसेल तर एकदा करून घे आणि त्याची झेरॉक्स जपून ठेव. झोप तरीही लागली नाही तर कॉलेजजवळच्या दवाखान्यात जाऊन बोल, लाजू नकोस.

सुपरमॅनसारखी नाही, पण माणसाला वारशाने मिळालेली खरी एखादी शक्ती असते का? (धारणी)

असते, आणि ती आपल्याच भागात आहे. एएस पॅटर्नच्या लेकरांना फॅल्सिपॅरम मलेरियाचा गंभीर प्रकार कमी होतो. अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियानं लेकरं नेली तिथे एका प्रतीची लेकरं जास्त जगली, त्यांनी ती प्रत पुढे दिली, आणि म्हणून जंगलपट्ट्यात हे जनुक इतकं टिकून आहे. शक्ती एका प्रतीत. दोन्ही प्रती आल्या की तीच गोष्ट उलटते. क्लार्कच्या लेखकांना हे सुचलं असतं तर मालिका आणखी दोन सीझन चालली असती.

पण हे वाचून कोणी ‘आपण एएस, आपल्याला मलेरिया काय करते’ म्हणून बसू नका. मलेरिया एएसलाही होतो, उपचार तेच लागतात. एसएस लेकराला तर मलेरिया फारच घातक. गडचिरोलीत मलेरियाचे पुष्कळ रुग्ण असतात. मच्छरदाणी लावा, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

आणि क्रिप्टोनाइट? इतरांना काही न करणारी, एकालाच मारणारी वस्तू? (त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

तेही आहे. जी६पीडी नावाचं विकर काही जणांत जन्मतः कमी असतं. हे एक्स गुणसूत्रावरून येतं, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतं. एरवी माणूस ठणठणीत. पण मलेरियासाठी दिलेली प्रायमाक्विनची गोळी त्याला सोसत नाही. लाल पेशी फुटतात, लघवी गडद चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. असं झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. मात्र या भीतीनं मनानंच गोळ्या घेणं सोडू नका. चौदा दिवसांचा कोर्स अर्धवट टाकला की मलेरिया पुन्हा उलटतो. घरात असं कोणाला झालं असेल तर गोळी घेण्याआधी सांगा, तपासणी होते.

एक महाराज सात पुड्यांत सिकल मुळापासून काढतात असं ऐकलं. (अहेरी)

जनुक पुडीनं निघत नाही. पुडी घेऊन हायड्रॉक्सियुरिया हे सिकलचं औषध बंद केलेली लेकरं माझ्याकडे ॲम्ब्युलन्समधून येतात. चालू औषध एक दिवसही बंद करू नका, आणि ती पुडी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

जॉर्डन-जोनाथनला पोटात असतानाच तपासता आलं असतं तर सगळा घोळ टळला असता. आपल्याकडे सिकलचं पोटात कळते का? मला पाचवा महिना लागला, आम्ही दोघंही एएस. जमलं तर मुलगा की मुलगी तेही कळावं. (कुरखेडा)

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी: लिंगनिदान गुन्हा आहे. पुन्हा विचारू नका, मलाही नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही.

सिकलचं कळतं, आणि त्याच कायद्यात या कारणासाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी आहे. साधारण दहा ते बारा आठवड्यांत वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन जनुक तपासतात. ती वेळ गेली तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन. तुम्ही पाचव्या महिन्यात लिहिता आहात. तपासणी, रिपोर्टला लागणारे दिवस, विचार करायला लागणारे दिवस आणि गर्भपाताच्या कायद्यातली मुदत, हे सगळं आता एकमेकांवर चढणार. पत्राच्या उत्तराची वाट पाहत बसला असाल तर फार वाईट. हे वाचाल त्याच दिवशी दोघांचे एचपीएलसी रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि ही सोय असलेल्या मोठ्या केंद्राची चिठ्ठी मागा. तपासणी जमली नाही तरी घाबरू नका. बाळ जन्मल्यावर लगेच त्याची तपासणी करायला सांगून ठेवा. एसएस निघालं तरी पहिल्या महिन्यांपासून औषध आणि लसी मिळालेलं बाळ खूप चांगलं वाढतं.

आणि सगळ्या एएस जोडप्यांसाठी: पाळी चुकली की पहिल्याच आठवड्यात या. सासूबाईंना तिसरा महिना संपल्यावरच सांगायचं असतं, तो रिवाज डॉक्टरला लागू नाही.

जनुक बदलून शक्ती घालता येईल का? सिकल काढता येतो असं वाचलं. (अकोट)

शक्ती घालता येत नाही. सिकलसाठी क्रिस्पर या जनुकात बदल करण्याच्या तंत्रावरचा कॅसजेव्ही हा उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढतात, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल करतात आणि परत देतात. त्याआधी जोरदार केमोथेरपी लागते. मंजुरीच्या वेळी अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती. हा बदल रक्तापुरता असतो, मुलांकडे जात नाही. एसएस मुलाला सख्खं जुळणारं भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना विचारा, ते आपल्या देशात होतं. ‘जनुक उपचार’ म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

आश्रमशाळेच्या वसतिगृहात मी अधीक्षक आहे. पोरं टॉवेल गळ्यात बांधून सुपरमॅन-सुपरमॅन खेळतात. त्यातला एक एसएस आहे. मागच्या पावसाळ्यात तळ्यात पोहून आला आणि रात्री पाय धरून रडला. त्याला खेळू द्यावं की बसवून ठेवावं? (धानोरा)

सर, खेळू द्या. बसवून ठेवलं की तो लपून खेळेल आणि दुखलं तर सांगणार नाही. तळं मात्र बंद, पावसात भिजणं बंद, हिवाळ्यात थंड पाण्याची आंघोळ बंद. शरीराला एकदम गारठा बसला की दुखणं उठतं. रोवणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या पोरांनाही तेच होतं. सुट्टीत घरी पाठवताना हे पालकांना सांगा. दर तासाला पाणी, आणि लघवीला जायला वर्गात परवानगी, कारण या लेकरांना वारंवार जावं लागतं. त्यासाठी त्याला हसू देऊ नका.

दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनेची गोळी, पाणी, पांघरूण, गरम शेक. बर्फ अजिबात नको. १०१च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, पोट डाव्या बाजूला फुगून लेकरू एकदम पांढरं पडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलता न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ला फोन करा. सोबत त्याचं कार्ड आणि चालू औषधाचा कागद द्या.

फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, न्यूमोकोकलची लस झाली आहे का, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना या आठवड्यात विचारून घ्या. आणि गोळ्यांचा डबा ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवता का? असा एक डबा मी पाहिला आहे. किल्ली ज्यांच्याकडे होती ते दिवाळीला गावी गेले होते. किल्लीची दुसरी प्रत स्वयंपाकीणबाईंकडे द्या, त्या रोज येतात.